शेतातल्या गप्प अप्पाचा नवस

मला देवाचं फारसं काही वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तंजावरच्या मोठ्या देवळाबाहेर मी जन्मभर वाती, तेल, कापूर आणि मातीच्या पणत्या विकल्या. हलवायाला जिलबीचं कौतुक राहत नाही, तसं देवाचं सामान विकणाऱ्याला देवाचं राहत नाही. गिऱ्हाईक रडत आत जायचं, हसत बाहेर यायचं, कधी उलटंही व्हायचं, आणि मी दोन्ही वेळा वातीच वळत बसलेला. शिक्षणही बेताचं. शाळा तमिळ, ती लवकर सुटली. मराठी अक्षर आजोबांनी भजनाच्या पोथीवर बोट फिरवून शिकवलं, म्हणून हे लिहितोय. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं अजून आहेत, पण मराठी लिहिणारं माझ्यासारखं एखादंच खोड उरलंय. चुका होतील, त्या सोसून घ्या.

माझी बायको गेली. तिच्याबद्दल एवढंच सांगतो की ती बोलायची. सकाळी उठल्यापासून बोलायची. दुधाशी, कावळ्याशी, भिंतीवरच्या पालीशी आणि मी ऐकत नसलो तरी माझ्याशी. मी म्हणायचो, "जरा तोंडाला विसावा दे." ती म्हणायची, "तुमच्या वाट्याचंही मलाच बोलावं लागतं, काय करू?" ती गेली आणि घरातलं मराठीच बंद झालं. मुलीला मराठी कळतं, पण ती उत्तर तमिळमध्ये देते. जावई तमिळ आहे, सोन्यासारखा मुलगा, पण त्याच्याशी मी काय मराठी बोलणार? लोक म्हणाले, बाई गेली की घर सुनं होतं. मला तर माझी भाषाच विधवा झाल्यासारखी वाटायची. चहा प्यायलात का, एवढंही कोणी मराठीत विचारेनासं झालं.

आमची मुलगी गौरी. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली, दोनदा दिवस राहून गेले, मग तेही राहीनात. तेव्हा माझ्या बायकोनं, हिनं, नवस बोलला. मोठ्या देवळात नाही, कुंभकोणमलाही नाही. हिच्या माहेरच्या गावी, कावेरीच्या कालव्यांमधल्या शेतात, एक दगडी मूर्ती बसलेली आहे. डोळे मिटलेले, हात मांडीवर. ही लहानपणापासून त्याला गप्प अप्पा म्हणायची. वर्षातून एकदा एकटीच बसनं जायची आणि संध्याकाळी परत यायची. मी चेष्टा करायचो, "तुला बरा मुका देव सापडला. तू बोल, तो ऐकतो." ती नुसती हसायची. गौरीला दिवस राहिले, तसा नवस फेडायचा झाला. पण जाऊ जाऊ म्हणेपर्यंत हिच्याच छातीत कळ आली. दवाखान्यात तोंडावरची नळी बाजूला करून मला म्हणाली, "गप्प अप्पाचं राहिलंय, तुम्ही फेडा." काय फेडायचं ते विचारायला मी वाकलो, तेवढ्यात नर्सनं पडदा ओढला. पुढं विचारायची वेळ आलीच नाही.

माहेरचं तिचं कोणी उरलं नव्हतं. भाऊ वारला, त्याची मुलं चेन्नईला, घर विकलेलं. मी टाळत राहिलो. खरं सांगायचं तर मला राग आला होता. तिला नेलं त्याला तेल कसलं घालायचं? पण गौरीचे महिने वाढत गेले तसा तिचा रक्तदाब चढला. डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलं. पडून राहिलेल्या माणसाला विचारच फार येतात. ती छताकडे बघत म्हणायची, "अण्णा, आईनं बोललेलं तसंच राहिलंय. दिलेलं परत घेईल का तो?" मी खेकसायचो, "दगड तो, घेतोय काय आणि देतोय काय!" मग ती भिंतीकडं तोंड करून झोपायची, म्हणजे डोळे मिटायची नुसती. औषधानं उतरलेला दाब या एका विचारानं पुन्हा चढायचा. शेवटी मीच म्हटलं, पोरीला झोप लागणार असेल तर दगडाच्या बापाकडंही जाईन.

जाताना मी कोंबडा नेला. यात माझं काय चुकलं? आम्ही मराठा राजांच्या घोड्यामागं दक्षिणेत आलेल्या शिपाईगड्यांची वंशावळ. आमच्यात गावाच्या शिवेवर, शेतात, बांधावर जो देव बसतो त्याचा मान कोंबड्याचा. आजोबांनी तेच केलं, बापानं तेच केलं. देवळातला देव तुपाचा आणि शेतातला देव कोंबड्याचा, यात विचारण्यासारखं मला काही वाटलंच नाही. चांगला तुरेबाज कोंबडा घेतला, पाय बांधले, पिशवीत घातला आणि गावच्या बसमध्ये चढलो.

कंडक्टर तरणा, मी त्याच्या आजोबाच्या वयाचा. म्हणाला, "तात्ता, पाहुण्याला खिडकीची जागा देऊ का?"

मी म्हटलं, "दे. तुझ्यापेक्षा कमी आवाज करतो तो."

बस हसली. ती मात्र गावापर्यंत गेलीच नाही. कालव्यावरच्या पुलाचं काम चाललं होतं, सगळ्यांना फाट्यावर उतरवलं आणि बस दुसऱ्या वाटेनं वळली. धरणाचं पाणी नुकतंच सोडलेलं, कालवे भरून वाहत होते, शेतांत लावणी चालली होती. मी बांधावरून चालायला लागलो. इकडं ताड, तिकडं ताड, सगळे बांध सारखेच. ऊन डोक्यात शिरलं. कोंबडा पिशवीत फडफडत होता, माझ्या पायांत गोळे आले आणि मग डोळ्यांपुढं पिवळं पिवळं झालं. मी एका ताडाच्या बुंध्याशी बसलो. बसलो म्हणजे पडलोच. तिथं पडल्या पडल्या मी हिला शिव्या दिल्या. म्हटलं, बयो, अख्खा जन्म बोललीस, त्यात हा एक पत्ता सांगायला जीभ झडली होती का? आणि मग मला रडू आलं, कारण तिचं उलट उत्तर आलं नाही.

तेव्हा मागून आवाज आला, "म्हाताऱ्या बाबाजीले भोवळ आली वाटते. पाणी आण वो लवकर!"

मराठी. त्या तमिळ चिखलाच्या मधोमध, उन्हात, मराठी. मला क्षणभर वाटलं मी मेलोय आणि हिच्या मुलखात आलोय. डोळे उघडले तर पांढऱ्या साडीतली, चष्मा लावलेली एक ठसठशीत बाई माझं मनगट धरून नाडी बघत होती. मी म्हटलं, "तुम्ही कोण?" तर तिच्या हातून माझा हातच सुटला.

"अरे बापा! तुम्ही मराठी बोलता जी?"

"मी बोलणारच. तुम्ही कुठून आलात इथं?"

"नागपूर. तुम्ही?"

"मी इथलाच. आम्ही तीनशे वर्षं इथलेच."

"आणि मराठी?"

"तीही तेव्हापासूनच."

ती जोरात हसली. नाव कुसुमताई. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती. साखर-मीठ घातलेलं पाणी तिनं मला दटावून पाजलं. बरोबर तिच्यासारखीच दहा-बारा माणसं होती. सगळे बाबासाहेबांच्या वाटेनं बुद्धाकडं आलेले. व्हॅन करून नागपट्टिनमला गेले होते, कारण तिथं फार जुनं बुद्धाचं तीर्थ होतं म्हणे. परत येताना शेतात बसलेली एक मूर्ती बघायची होती, पण सकाळपासून वाट सापडत नव्हती. यांना तमिळ येईना आणि शेतातल्या बायांना यांची हिंदी कळेना. कुसुमताईनं मोबाईलमधला फोटो माझ्यापुढं धरला. काळा दगड. डोळे मिटलेले, हात मांडीवर एकात एक, डोक्यावर दिव्याच्या ज्योतीसारखं टोक. नाक थोडं उडालेलं.

मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. म्हटलं, "हा तर आमच्या हिचा गप्प अप्पा."

मग काय, वाट मलाही ठाऊक नव्हती, पण विचारायला जीभ होती. लावणी करणाऱ्या बायांना तमिळमधून हाक मारली. एकीनं चिखलाच्या हातानं दाखवलं, त्या कडुलिंबाखाली. पाण्याच्या दोन कालव्यांमध्ये उंचवटा, त्यावर पत्र्याचं छप्पर आणि छपराखाली तो. माणसापेक्षा थोडा मोठा. तेल पिऊन काळाकुळीत झालेला. अंगावर एक साधं पांढरं उपरणं. सेल्वी नावाची एक बाई तिथं झाडत होती. तिच्याच शेताला लागून तो बसलाय, आणि त्याचं बघायचं काम तिच्या घरातल्या बायकांकडंच असतं.

तिची नजर पहिल्यांदा गेली ती माझ्या पिशवीवर. वडीलधाऱ्याला इकडं अय्या म्हणतात. "अय्या, त्यात काय?"

"कोंबडा. नवस आहे."

तिनं केरसुणीच उगारली. "कोणी सांगितलं तुम्हाला हे? अप्पाच्या शेतात रक्त? इथं आम्ही भांडतसुद्धा नाही. नवराबायकोला भांडायचं असेल तर कालव्यापलीकडं जातात." मग ती वाकून पिशवीत बघत म्हणाली, "आणि आता हा इथं आलाच आहे, तर याला गावात कोणी कापणार नाही. फुकट जगला तुमचा कोंबडा." तिनं तिथंच त्याचे पाय सोडले आणि तो माझ्याकडं ढुंकूनही न बघता तिच्या कोंबड्यांत गेला. नागपूरची मंडळी बघत होती. मला लाज वाटली, पण हसूही आलं. ही वरून बघत असेल तर पदर तोंडात कोंबून हसली असेल.

पुढं जे झालं ते मी म्हातारपणी शिकलेलं पहिलं काम. दोन्ही बाजूंचं बोलणं माझ्यातून जायला लागलं. कुसुमताई मराठीत सांगायची, मी सेल्वीला तमिळमध्ये सांगायचो, सेल्वी बोलली की उलटं. ताई म्हणाली, हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या राजानं नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर विहार बांधला. चीनकडून, जावाकडून, सिंहलाहून भिक्खू जहाजानं यायचे, तिथं राहायचे, वंदना करायचे. त्या विहाराच्या खर्चाला एक अख्खं गाव तोडून दिलं ते ज्यानं तंजावरचं मोठं देऊळ बांधलं, त्याच चोळ राजानं. हे मला माहीत नव्हतं. ज्याच्या देवळाच्या दारात मी आयुष्यभर पणत्या विकल्या, त्यानं दुसऱ्याच्या दिव्याचीही सोय करून ठेवली होती. पुढं ते सगळं मोडलं. त्यातला एक विटांचा मनोरा इंग्रजांच्या काळापर्यंत किनाऱ्यावर उभा होता आणि समुद्रातली जहाजं त्याच्याकडं बघून किनारा ओळखायची. मग तोही पाडला. जमिनीतून निघालेल्या पितळी मूर्ती लांबलांबच्या म्युझियममध्ये गेल्या. दगडाचे जड, ते मात्र असे गावोगावच्या शेतांत बसून राहिले. सांगता सांगता ताई मूर्तीकडं वळली. म्हणाली, "आमच्यासाठी हे काशीहून मोठं आहे जी. एवढं सगळं पाडलं आणि हा इथं कोणीतरी राखला."

मी ते सेल्वीला सांगितलं. ती म्हणाली, "राजाचं मला ठाऊक नाही. आमच्या पणजीच्या घरात सांगायचे की नांगराला लागला. उचलायला गेले तर उचलेना. म्हणाले, बसलाय तर बसू दे. ऊन लागतं म्हणून तेल लावतो."

तेलाचं ऐकून ताई जरा ताठ झाली. "बाबा, यांना सांगा, तथागत देव नव्हते. ते नवस घेत नाहीत. हे तेल, हे नवस, त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं."

मी शब्दाला शब्द सांगितलं. मला गोड करून सांगता येत नाही. वाटलं, आता केरसुणी पुन्हा उठणार. पण सेल्वी म्हणाली, "मग मी कुठं म्हणते तो घेतो? घेत नाहीच. म्हणून तर इथं काही आणायचं नसतं. मागायचं असेल ते एकदा येऊन मनात बोलायचं. झालं की फेडायला यायचं. त्याला हातानं तेल लावायचं, एक दिवा लावायचा आणि तो विझेपर्यंत शेजारी गप्प बसायचं. फेडायला आलेल्यानं काही मागायचं नाही. एवढाच नेम."

ताई खो खो हसली. "हे तर बरोबरच बोलते जी ही! आमच्या भन्तेजींनी ऐकायला पाहिजे." आणि थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "उन्हाचं तेल म्हणाली ना ती? मग मलाही द्या थोडं. आपल्या बापाच्या पाठीला लावतोच की आपण."

आता माझी पाळी. तेलवातींत जन्म काढलेला मी, इथं तेलाचा थेंबही न घेता आलो होतो. सेल्वीनं तिच्या घरचं तिळाचं तेल दिलं. मी तिला विचारलं, "मनातसुद्धा मागायचं नाही?"

"मनात कोण बघतंय, अय्या? पण तुम्हाला कळेल की."

दगड उन्हानं कोमट झाला होता. खांद्यावर हात फिरवला आणि मला हिचे गुडघे आठवले. शेवटची दोन-तीन वर्षं रोज मी त्यांना तेल चोळायचो आणि ती तेवढ्यातही बोलायची, "जरा जोरात, वाती वळताय का?" मी त्याच्या पाठीवर, दंडावर, त्या मांडीवरच्या हातांवर तेल लावलं. दिवा लावला. शेजारी बसलो. पलीकडं नागपूरची मंडळी वंदना म्हणून डोळे मिटून बसली. सेल्वी बांधावर बसली. कालव्याचं पाणी तेवढं वाजत होतं.

गप्प बसणं किती अवघड आहे हे मला त्या दिवशी कळलं. बसल्याबरोबर माझ्या मनानं सुरुवात केली. गौरीला सांभाळ. मी तिथंच थांबवलं. मग, बाळाला तरी. तेही थांबवलं. मग एकदम तळापासून आलं की हिला एकदा परत दाखव, एकदाच, स्वैपाकघरात. ते थांबवताना मला फार त्रास झाला. सगळं मागणं असं एकेक करून दाराशी आलं आणि मी त्याला परत पाठवलं. आणि सगळं परत गेल्यावर आत काही उरणार नाही अशी मला भीती होती. पण उरलं. ही उरली. मला आठवलं, बडबडी माझी बायको वर्षातून एकदा इतक्या लांब यायची ती इथं तोंड मिटून बसायला. ती याच्याशी बोलायला येत नव्हती. घरात सगळ्यांच्या वाट्याचं बोलून झालं की ती इथं स्वतःच्या वाट्याचं गप्प बसायला यायची. इतक्या वर्षांच्या संसारात मला तिची ही बाजू ठाऊक नव्हती, आणि ती कळली तेव्हा मी तिच्याच जागी बसलो होतो. रडलो. कोणी थोपटलं नाही, कोणी थांबवलं नाही. तो तर गप्पच. त्याच्या त्या गप्प असण्याचा मला आधार वाटला. दुखवट्याला आलेल्या माणसांनी मला पुष्कळ समजावलं होतं. समजावलं नाही तो हा एकटाच.

दिवा शांत झाला. ताईनं व्हॅनमधून मला घरापर्यंत सोडलं, गौरीचं पोट तपासलं, दाब घेतला, तिला चार सूचना दिल्या. गौरीचं तमिळ मी मध्ये बसून ताईला मराठीत सांगत होतो. गौरीनं विचारलं, "अण्णा, फिटलं?" मी म्हटलं, "फिटलं." त्या संध्याकाळी ती गाढ झोपली. निघताना ताई म्हणाली, "जय भीम, बाबा. हे लिहून पाठवा आमच्या लोकांसाठी." मीही जय भीम म्हटलं. तिच्याच सांगण्यावरून हे लिहितोय.

बाळ वेळेआधीच निघालं. दाब पुन्हा चढला आणि सकाळीच गौरीला आत नेलं. बाहेरच्या बाकावर जावई तिरुपतीपासून वेलांकण्णीच्या चर्चमधल्या मातेपर्यंत सगळ्यांची नावं घेत होता. माझ्याकडं वळून म्हणाला, "मामा, तुम्हीही काही मागा ना." मी त्याचा हात हातात घेतला आणि गप्प बसलो. मला काळजी नव्हती असं नाही. पण शेतात जे परत पाठवलं होतं ते पुन्हा बोलवायचं नाही, एवढं मला जमलं. दार आपलं नाही, ते उघडणं आपल्याकडं नाही. आपल्याकडं फक्त बाकावर शेजारच्याचा हात धरून बसणं आहे, आणि तेवढं काम नीट करावं. हे ज्याला कोणाला सोपं वाटत असेल त्यानं एकदा करून बघावं.

नर्स बाहेर आली. मुलगी. अगदी लहानशी, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागेल, पण रडली चांगली म्हणाली. गौरी ठीक आहे. जावई जमिनीवरच बसला. नर्सनं हसून मला विचारलं, "तात्ता, तुम्हाला काय हवं होतं? मुलगा का मुलगी?"

मी म्हटलं, "अम्मा, मी काहीच मागितलं नव्हतं."

नवस फेडला म्हणून असं झालं, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरीणबाईंनी केलं, सगळ्यांनी केलं. पण ज्यानं मला बाकावर बसायला शिकवलं त्याचे, आणि जिनं मला त्याच्याकडं पाठवलं तिचे उपकार मी मानतो. बाळ आता घरी आहे. आम्ही सगळे तिला बघत बसतो, आणि ती काय करील त्याला हो म्हणतो.